तेरा अक्षरांचा तुकडा



बचत गटाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. जखम चिघळली, लघवीला जळजळ झाली, तर डॉक्टर गोळ्या देतात आणि आठवड्यात बरं वाटतं. मग सर्दी-तापाच्या वेळी तेच डॉक्टर "व्हायरल आहे, आपोआप उतरेल" असं का म्हणतात? विषाणूवर औषध नसतंच का?

असतं, पण ते बनवणं अवघड असतं. जिवाणू म्हणजे स्वतःचं घर, स्वतःची चूल असलेला जीव. त्याची चूल आपल्यापेक्षा वेगळी असते, म्हणून तेवढीच विझवता येते. विषाणूला चूलच नसते. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच चुलीवर आपल्यासारखे हजारो विषाणू शिजवून घेतो. ती चूल विझवायला जावं तर आपलंच घर उपाशी राहतं. तेव्हा चूल चालू ठेवायची आणि विषाणूचा स्वयंपाक तेवढा थांबवायचा, हे कसं जमावं? आज या प्रश्नाच्या एका उत्तराचा इतिहास सांगते. प्रयोगशाळेत तयार केलेला डीएनएचा छोटासा तुकडा वापरून विषाणूची वाढ रोखायची, असं ते उत्तर आहे. त्याची सुरुवात एका कोंबडीपासून होते आणि शेवट अजून झालेला नाही.

ठरावाची वही आणि नक्कल

इतिहासाकडे जाण्याआधी डीएनए म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या गटाची ठरावाची वही असते. ती कपाटात कुलपात राहते. बँकेत जायचं झालं तर आपण अख्खी वही नेत नाही, लागेल त्या ठरावाची नक्कल नेतो. बँकेतले साहेब नक्कल वाचतात आणि त्याप्रमाणे काम करतात.

शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असंच चालतं. डीएनए ही मूळ वही, ती पेशीच्या मधोमध जपून ठेवलेली असते. तिच्यातल्या एकेका ठरावाची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. पेशीतले कारागीर ती नक्कल वाचून प्रथिनं बनवतात. विषाणू काय करतो? तो आपली खोटी नक्कल या ढिगात सरकवतो. कारागीर बिचारे खरं-खोटं पाहत नाहीत. समोर आलेली नक्कल वाचतात आणि विषाणूची पिल्लं बनवत बसतात.

आता दुसरी गोष्ट. या वहीची लिपी फक्त चार अक्षरांची आहे: ए, टी, जी आणि सी. ही अक्षरं ब्लाउजच्या हुक आणि काजासारखी आहेत. ए समोर टीच बसतं, जी समोर सीच बसतं. दुसरी जोडी लागत नाही. आरएनएमध्ये टीच्या जागी यू असतं, पण जोडीचा नियम तोच. हा जोडीचा नियम १९५३ मध्ये जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी मांडला. त्यासाठी ज्या क्ष-किरण चित्रांचा आधार मिळाला, ती रोझालिंड फ्रँकलिन या बाईंच्या प्रयोगशाळेतल्या कामातून आली होती.

नियम कळल्यावर एक विचार सुचायला हरकत नव्हती. विषाणूच्या नक्कलेवर हुकांची रांग असेल, तर बरोबर तेवढ्याच काजांची एक पट्टी आपण शिवून त्यावर लावली तर? अक्षरं झाकली जातील. कारागिराला ती ओळ वाचताच येणार नाही. आणि ती पट्टी दुसऱ्या कुठल्या नक्कलेवर बसणारही नाही, कारण तिथली हुकांची रांग वेगळी आहे. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात यायला फार वर्षं लागली.

कोंबडीची गाठ

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस नावाच्या डॉक्टरांकडे एका शेतावरची कोंबडी आली. तिच्या अंगावर मोठी गाठ होती. राऊस यांनी ती गाठ काढून वाटली. तो रस इतक्या बारीक गाळणीतून गाळला की एकही पेशी किंवा जिवाणू पलीकडे जाऊ नये. मग तो गाळलेला रस दुसऱ्या कोंबड्यांना टोचला, तर त्यांनाही तशीच गाठ झाली. १९११ मध्ये त्यांनी हे छापलं. म्हणजे गाळणीतून निसटण्याइतकं लहान असं काहीतरी कर्करोग पसरवत होतं. तो विषाणू होता. त्याला पुढे राऊस यांचंच नाव मिळालं.

त्या काळात फारसं कोणी मनावर घेतलं नाही. कोंबडीचा आजार, माणसाशी काय संबंध, असं लोकांना वाटलं. राऊस यांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं ते १९६६ मध्ये, ५५ वर्षांनी. तेव्हा त्यांचं वय ८७ होतं.

१९७० मध्ये कळलं की हा विषाणू भलताच चतुर आहे. त्याच्याजवळ फक्त आरएनए असतो, म्हणजे नुसती नक्कल. पण तो उलटा व्यवहार करतो. नक्कलेवरून डीएनए तयार करतो आणि आपल्या वहीत स्वतःचं पान चिकटवून टाकतो. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी हा उलटा व्यवहार वेगवेगळ्या ठिकाणी शोधला. पुढे १९८०च्या दशकात एचआयव्ही सापडला तेव्हा तो याच कुळातला निघाला. कोंबडीवर केलेला अभ्यास तेव्हा माणसाच्या कामी आला.

अक्षरं जुळवणारी माणसं

पट्टी शिवायची तर आधी अक्षरं जोडता यायला हवीत. डीएनएचे तुकडे हवे तसे रसायनांतून बांधण्याची विद्या ज्यांनी उभी केली, त्यांत हरगोविंद खोराना यांचं नाव फार वरचं आहे. त्यांचा जन्म पंजाबातल्या रायपूर या खेड्यातला, आता तो भाग पाकिस्तानात आहे. वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठी. शंभरेक वस्तीच्या त्या गावात लिहिता-वाचता येणारं घर जवळजवळ त्यांचं एकच होतं. वडिलांनी गरिबीतही मुलांना शिकवलं. खोराना यांना १९६८ मध्ये नोबेल मिळालं. पुढे त्यांच्या चमूने एक पूर्ण जनुक प्रयोगशाळेत अक्षरं जोडून तयार केलं.

याच सुमाराला, १९६७ मध्ये, दूर सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्क शहरात तीन स्त्रिया काम करत होत्या: बेलिकोव्हा, झारितोव्हा आणि ग्रिनेव्हा. त्यांनी एक कल्पना कागदावर मांडली. डीएनए-आरएनएचा छोटा तुकडा पत्ता शोधायला वापरायचा, त्याच्या टोकाला एक रसायन बांधायचं, आणि ते रसायन बरोबर त्या ओळीपाशी नेऊन पोचवायचं. ठराविक अक्षरं हेरणारा तुकडा हत्यार म्हणून वापरता येईल, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं. आपल्याकडे या तिघींची नावं क्वचितच ऐकायला मिळतात, म्हणून मुद्दाम सांगितली.

१९७८: बॉस्टनमधला प्रयोग

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेत बॉस्टन शहरात मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल नावाचं मोठं रुग्णालय आहे. तिथल्या प्रयोगशाळेत पॉल झॅमेक्निक आणि मेरी स्टीफन्सन हे दोघं अनेक वर्षं एकत्र काम करत होते. पेशीत प्रथिनं कशी बनतात याचा शोध लावण्यात दोघांचा वाटा होता. नक्कल वाचणाऱ्या कारागिराकडे एकेक कच्चा माल आणून देणारा छोटा आरएनए असतो. तो १९५८ च्या ज्या लेखातून जगासमोर आला, त्या लेखावर या दोघांची नावं आहेत.

१९७७ मध्ये राऊस यांच्या कोंबडीच्या विषाणूची दोन्ही टोकं वाचून झाली. झॅमेक्निक स्वतः त्या वाचनात होते. एक विचित्र गोष्ट दिसली. विषाणूच्या आरएनएच्या सुरुवातीला जी अक्षरं होती, तीच शेवटालाही होती. साडीच्या दोन्ही टोकांना एकच नक्षी असावी तशी. ज्या अर्थी दोन्हीकडे तेच आहे, त्या अर्थी विषाणूच्या वाढीसाठी ते महत्त्वाचं असणार. मग तेच झाकून पाहिलं तर?

त्यांनी १३ अक्षरांचा डीएनएचा तुकडा तयार करवून घेतला: एएटीजीजीटीएएएएटीजीजी. विषाणूच्या टोकांवरच्या अक्षरांना बरोबर जोडीने बसणारा. विषाणूची अख्खी नक्कल जवळपास दहा हजार अक्षरांची, आणि आपली पट्टी तेरांची. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भापासून काढलेल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या होत्या. त्यांत विषाणू सोडला आणि हा तुकडाही घातला.

विषाणूंची पैदास घटली. ज्या पेशी कर्करोगाच्या व्हायच्या, त्यांतल्याही पुष्कळ वाचल्या. त्यांनी आणखी एक काळजी घेतली होती. पेशीत आणि रक्तात डीएनएचे सुटे तुकडे कुरतडणारी द्रव्यं असतात, ती टोकांपासून सुरुवात करतात. म्हणून तुकड्याच्या दोन्ही टोकांना रसायनाची टोपी घालून तोही वापरून पाहिला. आपण दोरीचं टोक उसवू नये म्हणून गाठ मारतो, तसंच. बदल केलेला डीएनए म्हणतात तो हाच: अक्षरं तीच, पण टिकावी म्हणून कुठेतरी डागडुजी केलेली.

जानेवारी १९७८ मध्ये त्यांचे दोन लेख लागोपाठ छापून आले. एकावर झॅमेक्निक यांचं नाव आधी, दुसऱ्यावर स्टीफन्सन यांचं. अशा तुकड्यांचा औषध म्हणून उपयोग होऊ शकेल असं त्यात सुचवलं होतं.

टाळ्या मात्र पडल्या नाहीत. असा तुकडा पेशीच्या आत शिरेलच कसा, हा बऱ्याच शास्त्रज्ञांचा आक्षेप होता. पेशीचं आवरण अशा गोष्टी सहसा आत घेत नाही. शिवाय त्या काळी तेरा अक्षरं जोडणं हेसुद्धा कित्येक दिवसांचं किचकट काम होतं, आणि विषाणूंची अक्षरंही फारशी वाचून झालेली नव्हती. पट्टी कुठे लावायची तेच माहीत नसेल तर शिवणार काय?

गंधकाचा टाका

१९८०च्या दशकात चित्र बदललं. अक्षरं आपोआप जोडणारी यंत्रं आली. दिवसांचं काम तासांवर आलं. विषाणूंची अक्षरं वाचणंही सोपं झालं.

टिकाऊपणाचं उत्तर जर्मनीतून आलं. गॉटिंगेन शहरातले फ्रिट्झ एकस्टाइन १९६०च्या दशकापासून एका बदलावर काम करत होते. डीएनएची अक्षरं ज्या दोऱ्यात ओवलेली असतात, त्या दोऱ्यात दर टाक्याला प्राणवायूचा एक अणू असतो. त्याच्या जागी त्यांनी गंधकाचा अणू बसवला. एवढ्याशा बदलाने कुरतडणारी द्रव्यं अडखळू लागली. तुकडा रक्तात जास्त वेळ टिकू लागला.

आणखी एक फायदा लक्षात आला. डीएनएची पट्टी आरएनएच्या नक्कलेवर बसली की पेशीतलंच एक द्रव्य येतं आणि ती नक्कल कापून टाकतं. पट्टी मात्र सुटी होऊन दुसरी नक्कल शोधायला मोकळी होते. म्हणजे नुसतं झाकणं नाही, पुरतं फाडणंच. आणि ही कात्री आपल्याच घरातली, बाहेरून आणायला नको.

१९८६ मध्ये झॅमेक्निक आणि त्यांचे सहकारी यांनी हीच युक्ती एचआयव्हीवर काचेच्या भांड्यात करून दाखवली. आशा वाढली. पण दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या गटाला काही वेगळंच दिसलं. गंधकवाले तुकडे विषाणूच्या अक्षरांशी जुळत नसले तरीही विषाणू अडत होता. म्हणजे तो परिणाम हुक-काजाचा नव्हता, गंधकाच्या चिकटपणाचा होता. औषध काम करतंय एवढं पुरत नाही, ते कशामुळे करतंय तेही तपासावं लागतं, हा धडा तिथे मिळाला. आणि तो महागात पडला. झॅमेक्निक यांचा सहभाग असलेल्या कंपनीने एचआयव्हीवर असं एक औषध माणसांवर तपासलं. काही रुग्णांच्या रक्तातल्या प्लेटलेट घटल्या, विषाणूही पुरेसा कमी होईना. १९९७ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली.

डोळ्यातलं पहिलं औषध

यश आलं ते वेगळ्या दारातून. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू आहे. जगात असंख्य लोकांच्या अंगात तो गुपचूप पडून असतो आणि धडधाकट माणसाला सहसा त्रास देत नाही. पण एड्समध्ये प्रतिकारशक्ती ढासळली की तो डोळ्याच्या पडद्यावर हल्ला करतो. १९९०च्या सुमाराला अमेरिकेत एड्सचे कितीतरी रुग्ण यामुळे आंधळे होत होते. तेव्हाच्या औषधासाठी रोज शिरेतून सलाईन घ्यावं लागायचं.

कॅलिफोर्नियातल्या आयसिस या कंपनीने या विषाणूच्या एका महत्त्वाच्या नक्कलेवर बसणारा २१ अक्षरांचा, गंधकाच्या टाक्यांचा तुकडा बनवला. नाव फोमिव्हिरसेन. तो थेट डोळ्यात टोचायचा. ऐकून अंगावर काटा येतो, पण त्यामागे विचार होता. डोळा ही छोटी, बंद खोली आहे. अगदी थोडं औषध पुरतं, ते बाकी शरीरात फारसं पसरत नाही आणि खोलीत बराच काळ टिकतं. पहिले दोन डोस पंधरवड्याच्या अंतराने, नंतर चार आठवड्यांतून एकदा. ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने परवानगी दिली. १३ अक्षरांच्या प्रयोगानंतर २० वर्षांनी या जातीचं पहिलं औषध बाजारात आलं.

आणि थोड्याच वर्षांत ते बाजारातून गेलंही. २००२ मध्ये युरोपातला परवाना मागे घेतला गेला, अमेरिकेतही विक्री थांबली. औषध वाईट होतं म्हणून नव्हे. त्याची गरज असलेले रुग्णच उरले नाहीत म्हणून.

भोक बुजलेला मणी

रुग्ण का उरले नाहीत, ते सांगायला त्याच कल्पनेच्या दुसऱ्या शाखेकडे वळावं लागेल. पट्टीऐवजी एकच खोटं अक्षर द्यायचं, अशी ती शाखा.

एचआयव्ही आपल्या नक्कलेवरून डीएनए बनवतो तेव्हा एकेक अक्षर मण्यासारखं ओवत जातो. त्याला एक असा मणी दिला की जो एका बाजूने उघडा आणि दुसऱ्या बाजूने बुजलेला आहे, तर? दोरा आत जातो, बाहेर येत नाही. माळ तिथेच थांबते. आपल्या पेशीतला कारागीर असा मणी बहुतेक वेळा बाजूला टाकतो, विषाणूचा कारागीर मात्र फसतो.

असा एक मणी डेट्रॉइट शहरात जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६४ मध्येच बनवला होता, कर्करोगासाठी. उंदरांवर उपयोग झाला नाही, म्हणून तो फडताळात पडून राहिला. १९८५ मध्ये एचआयव्हीवर तो चालतो असं दिसलं आणि १९८७ मध्ये झिडोव्हुडिन या नावाने एड्सचं पहिलं औषध म्हणून मंजूर झाला. एकट्या गोळीला विषाणू लवकरच सरावला, रक्त कमी होण्यासारखे त्रासही झाले. पण १९९४ मध्ये एक फार मोठी गोष्ट कळली. बाधित गरोदर बाईला आणि तिच्या बाळाला हे औषध दिलं, तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात २५ वरून ८ वर येतं. आणि १९९६ च्या सुमाराला तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली. रुग्णांची प्रतिकारशक्ती सावरली. डोळ्यातला विषाणू आपोआप गप्प बसला. मण्यांनी पट्टीचं काम संपवलं ते असं.

पण कुणासाठी? तीन औषधांचा वर्षाचा खर्च तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर होता. आपल्याकडच्या बाईने तो आकडा ऐकूनच सोडून द्यावा. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एमएसएफ या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेला तीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. दिवसाला एक डॉलरही नाही. जगभर किमती कोसळल्या. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने मोफत औषधं सुरू केली. सुरुवातीच्या केंद्रांमध्ये मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. आज एआरटी केंद्रावर मिळणाऱ्या गोळीत टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन असतात, ते दोन्ही असेच भोक बुजलेले मणी आहेत. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी जणी ती गोळी घेऊन शेतात जातात, मुलं वाढवतात, सुना आणतात.

आता कावीळ ब

पट्टीची कल्पना मेली नाही. २०१६ मध्ये लहान मुलांच्या स्नायूंच्या एका जीवघेण्या आजनुवंशिक आजारावर, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या आजारावर, नुसिनर्सेन हे अशाच जातीचं औषध मंजूर झालं. तिथे विषाणू नाही, आपल्याच एका नक्कलेची दुरुस्ती आहे. जी मुलं बसूही शकली नसती, त्यांतली काही बसू लागली. अमेरिकेत पहिल्या वर्षाची किंमत होती साडेसात लाख डॉलर. मण्याने जो रस्ता पार केला, तो पट्टीला अजून पार करायचा आहे.

विषाणूंच्या बाबतीत सगळ्यांचं लक्ष आता कावीळ ब, म्हणजे हिपॅटायटिस बी या आजाराकडे आहे. हा विषाणू यकृताच्या पेशीत आपली एक वेगळी वहीच ठेवून देतो आणि तिच्यातून नकला काढत राहतो. टेनोफोविरची गोळी त्याला दाबून ठेवते, पण वही तशीच राहते, म्हणून अनेकांना गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागते. बेपिरोव्हिरसेन हा तुकडा या नकलांवर बसून त्या कापायला लावतो. २०२२ मध्ये छापलेल्या अभ्यासात रुग्णांना २४ आठवडे, दर आठवड्याला इंजेक्शन दिलं. सगळ्यांत चांगला निकाल मिळालेल्या गटांत दर दहांपैकी साधारण एकाच्या रक्तात औषध थांबवल्यावरही २४ आठवडे विषाणू दिसला नाही. दहात एक म्हणजे थोडं वाटतं. पण ज्या आजारात असं जवळजवळ कधीच घडत नव्हतं, तिथे ते थोडं नाही.

आपण काय घ्यायचं यातून

पहिली गोष्ट. "डीएनएचं औषध" म्हटलं की आपलं किंवा बाळाचं बीजच बदलेल अशी भीती पसरते. पट्टी नक्कलेवर बसते, मूळ वहीत काही लिहीत नाही. काही काळाने ती झिजून जाते, म्हणून तर इंजेक्शन पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. वहीत कायमचा बदल झाला असता, तर एकदाच पुरलं असतं. दुष्परिणाम असतात, ते डॉक्टरांना विचारायलाच हवेत. पण बीज बदलण्याची भीती त्यांत धरू नका.

दुसरी गोष्ट जास्त जवळची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या अंगात कावीळ ब चा विषाणू होता. बहुतेकांना माहीतही नसतं, कारण वर्षानुवर्षं डोळे पिवळे होत नाहीत. हा आजार एका ताटात जेवल्याने होत नाही. तो रक्तातून, न उकळलेल्या सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातले ९५ जण स्वतःहून बरे होतात. जन्मताच लागण झालेल्या बाळांचं उलटं आहे, शंभरातल्या ९० जणांना तो जन्मभर चिकटतो. पुढे यकृत निबर होतं, कर्करोगही होऊ शकतो.

म्हणून गरोदरपणात एचआयव्हीबरोबर कावीळ ब ची तपासणी झाली का, हे नर्सताईंना किंवा आशाताईंना विचारायचं. बाळ जन्मलं की २४ तासांच्या आत कावीळ ब ची लस द्यायची. तिला उशीर चालत नाही. बारशाला, पाचवीला, मग बघू, असं करायचं नाही. पुढचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंट लसीत येतात. हे सगळं सरकारी दवाखान्यात मोफत आहे. एखाद्या बाईच्या अंगात विषाणू सापडला, तर २०१८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधंही मोफत आहेत. गळ्यात माळ घालून नाहीतर हाताला चुना चोळून कावीळ उतरवणाऱ्याकडे या बाईला नेऊ नका. तो पाणी पिवळं करून दाखवेल, विषाणू तिथेच राहील. आणि तिची भांडी वेगळी ठेवायची गरज नाही.

मेरी स्टीफन्सन आणि पॉल झॅमेक्निक दोघंही २००९ मध्ये वारले. बेपिरोव्हिरसेनच्या निकालांआधी तेरा वर्षं. त्यांनी सुरू केलेलं काम आपल्या दवाखान्यापर्यंत केव्हा पोचेल, ते औषधाच्या गुणावर जितकं अवलंबून आहे तितकंच किमतीवर आणि ते मागणाऱ्या लोकांवरही. एड्सच्या गोळ्या स्वस्त झाल्या त्या मागणाऱ्यांनी मागितल्या म्हणून. तोवर जन्माच्या दिवशीची लस आपल्या हातात आहे. येत्या बैठकीत गावातल्या गरोदर बायकांची यादी आशाताईंबरोबर बसून बघा, कुणाची तपासणी राहिली आहे ते विचारा आणि ठरावाच्या वहीत तसं लिहून ठेवा.

पुन्हा भेटूच. नमस्कार.